नोंदवहीबाहेरचे वैमानिक

१० मे २०२४ ही तारीख आपल्याकडे लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत विरून गेली. भारतीय लष्करी कर्मचाऱ्यांनी मालदीव सोडावे यासाठी तेथील नवे अध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू यांनी घातलेली ती अखेरची मुदत होती, आणि भारताने ती पाळली. माणसे परतली, यंत्रे मात्र तिथेच राहिली : दोन ध्रुव हेलिकॉप्टरे आणि एक डॉर्नियर विमान. परतलेल्यांच्या जागी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे नागरी कर्मचारी आले. मालदीवचे परराष्ट्रमंत्री मूसा झमीर यांनी बदललेल्यांची संख्या ७६ सांगितली. त्याच सुमारास त्यांचे संरक्षणमंत्री घसान मौमून यांनी कबुली दिली, की ही विमाने उडवू शकेल असा एकही माणूस मालदीवच्या सैन्यात नाही. गणवेश नको होता, विमाने हवी होती. भारताने गणवेश काढून घेतला आणि विमाने राहू दिली.

दोन्ही राजधान्यांची अब्रू राखणारा हा तोडगा होता आणि मुत्सद्देगिरीच्या मापाने तो उत्तमच होता. बेटाबेटांवरच्या रुग्णांना मालेपर्यंत आणणारी सेवा त्यामुळे खंडित झाली नाही. माझे मन मात्र बातमीतल्या एका शब्दावर अडले : ‘नागरी’. या शब्दाच्या पलीकडच्या बाजूला मी सहा वर्षे काढली आहेत.

नौदलात मी डॉर्नियरच उडवत असे, बहुतांश काळ गोव्यात दाबोळीहून. मध्ये दोन वर्षे हिंदी महासागरातील एका बेटराष्ट्रात प्रतिनियुक्तीवर होतो. निवृत्तीनंतर एका परदेशी कंपनीत टेहळणीच्या कंत्राटावर रुजू झालो. आठ आठवडे कामावर, चार आठवडे घरी. समुद्र तोच, उंची साधारण तीच, आणि खालून जाणारी मासेमारी जहाजे, तेलवाहू जहाजे, गलबतेही तीच. बदलले होते ते एवढेच, की मी कोणाचा माणूस आहे या प्रश्नाचे उत्तर आता माझ्याजवळ नव्हते.

टेहळणी म्हणजे थरार, अशी एक समजूत असते. वस्तुतः हे काम नांगरणीसारखे आहे. ठरलेल्या चौकोनात समांतर रेघा मारायच्या, टोकाला वळायचे, पुन्हा परत यायचे. पाच-सहा तास हेच. विमानाच्या पोटाखाली रडार आणि कॅमेरा असतो, पण त्यांचे पडदे मागे बसलेल्या दोघांसमोर असतात. पुढे बसलेल्या दोघांना दिसते ते फक्त पाणी. उतरल्यावर इंजिनातले मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढावे लागते, नाहीतर खारी हवा पाती खाऊन टाकते. आपण काय पाहिले, त्याचे पुढे काय झाले, हे वैमानिकाला बहुधा कळत नाही. नौदलात निदान संध्याकाळी मेसमध्ये कानावर येई. कंत्राटावर तेही नाही. चित्रफीत ग्राहकाची, ग्राहकाचे नाव करारात, आणि करार आमच्यासाठी बंद.

या व्यवसायाची रचना धोरणकर्त्यांनी नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यातून निघते. विमान कंपनीच्या मालकीचे, चमू कंपनीचा, देखभाल कंपनीची. सरकार विकत घेते ते उड्डाणाचे तास. करारात उपलब्धतेची टक्केवारी लिहिलेली असते. महिन्यातील ठरल्या दिवसांपेक्षा जास्त दिवस विमान जमिनीवर राहिले, तर बिलातून रक्कम कापली जाते. नौदलात यंत्रात दोष आढळला की ‘स्नॅग’ नोंदवायचा आणि विमान हँगरमध्ये ढकलायचे. कोणाच्याही खिशाला चाट बसत नसे. कंत्राटावर तोच दोष नोंदवताना लेखणी जड होते. मला कोणीही कधी ‘सदोष विमान उडव’ असे सांगितले नाही. तसे सांगावेच लागत नाही. सकाळी सहा वाजता तळावरचा व्यवस्थापक शांतपणे विचारतो, ‘हे आजच लिहायचे आहे का?’

आता एका संध्याकाळची गोष्ट. परतीच्या वाटेवर मागच्या चालकाने एक लाकडी गलबत दाखवले. इंजिन बंद, गलबत लाटांना आडवे झालेले, डेकवर सात-आठ माणसे आणि त्यांतला एक कापड हलवणारा. बांधणीवरून ते कच्छकडचेही असू शकले असते. मांडवीची वाहाणे सोमालियापर्यंत जातात. आम्ही ग्राहकाच्या नियंत्रण कक्षाला स्थान कळवले. उत्तर आले : नोंद घेतली, ठरलेल्या मार्गावर राहा. करारात कलम होते, की निरीक्षणे ग्राहकाखेरीज कोणालाही कळवायची नाहीत. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शोध व बचावविषयक परिशिष्टात, म्हणजे बाराव्या परिशिष्टात, स्पष्ट लिहिले आहे, की संकटातील नौका दिसल्यास वैमानिकाने शक्य तोवर ती नजरेआड होऊ देऊ नये, तिचे स्थान निश्चित करावे आणि बचाव समन्वय केंद्राला कळवावे. माझा परवाना त्या व्यवस्थेतला, माझा पगार करारातला.

मी दोन घिरट्या जास्त घातल्या आणि सागरी वाहिनी १६ वर त्या गलबताचे स्थान खुलेपणाने सांगितले. एका मालवाहू जहाजाने ऐकल्याचे कळवले. इंधन संपत आले होते, आम्ही परतलो. ते जहाज गलबतापर्यंत पोहोचले की नाही, हे मला आजतागायत समजलेले नाही. पुढच्या आठवड्यात मिळाले ते गोपनीयतेच्या भंगाबद्दलचे ताकीदपत्र. गणवेशात असताना हेच केले असते तर कोणी पाठ थोपटली नसती, पण पत्रही आले नसते. ते माझे कर्तव्यच होते.

हा एका वैमानिकाचा सल म्हणून सोडून देता आला असता. पण जगात गेली वीस-पंचवीस वर्षे जे घडत आले आहे, ते याच रेषेत आहे. १३ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबियाच्या दक्षिणेकडील डोंगरांत अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी टेहळणी करणारे एका खासगी कंपनीचे एक इंजिनाचे सेसना विमान कोसळले. त्या प्रदेशावर एका इंजिनाच्या विमानाने उडणे धोक्याचे आहे, असे कंपनीच्याच दोन वैमानिकांनी आधी लेखी कळवले होते. अमेरिकी वैमानिक आणि सोबतचा कोलंबियाचा सैनिक यांना ‘फार्क’च्या बंडखोरांनी गोळ्या घातल्या, उरलेल्या तीन अमेरिकी कंत्राटी कर्मचाऱ्यांना ओलीस धरले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या शोधासाठी निघालेले तसेच दुसरे विमान पडले आणि आणखी तिघे गेले. ओलीस ठेवलेले तिघे सुटले ते २ जुलै २००८ रोजी, तब्बल १,९६७ दिवसांनी.

ऑक्टोबर २०१६ मध्ये माल्टाच्या विमानतळावरून निघताच एक लहान दुहेरी इंजिनाचे विमान कोसळले आणि पाच जण मरण पावले. ते नेमके कोणाचे, यावर सुरुवातीचे काही तास गोंधळ होता. फ्रान्सच्या सीमाशुल्क खात्याचे म्हणावे, तर त्या खात्याने नाकारले. युरोपीय संघटनांनीही हात झटकले. अखेर फ्रान्सच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितले, की मृतांपैकी तिघे त्यांच्या मंत्रालयाचे आणि दोघे कंत्राटी कंपनीचे. मृतदेह धावपट्टीशेजारी आणि मालकी मात्र बेपत्ता, असा तो दिवस होता. ५ जानेवारी २०२० रोजी केनियातील मांडा बे तळावर अल-शबाबने पहाटे हल्ला केला, तेव्हा धावपट्टीकडे सरकणाऱ्या टेहळणी विमानातील दोन कंत्राटी वैमानिक ठार झाले. त्याच हल्ल्यात एक अमेरिकी सैनिकही गेला. लष्कराच्या मृतांच्या अधिकृत मोजणीत तो एकच धरला जातो. अफगाणिस्तानातील युद्धात अमेरिकेसाठी काम करणारे ३,८०० हून अधिक कंत्राटी कर्मचारी मरण पावले, असा ब्राऊन विद्यापीठाच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा तेथे पडलेल्या अमेरिकी सैनिकांपेक्षा मोठा आहे. युद्धाची किंमत मतदाराच्या नजरेआड करण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

याउलट आपल्याकडचा जून २०१५ आठवून पाहा. तटरक्षक दलाचे डॉर्नियर तमिळनाडूच्या किनाऱ्यापुढे तिघांसह नाहीसे झाले. जहाजे, विमाने, पाणबुडी सारे शोधाला लागले. ‘सिंधुध्वज’ पाणबुडीला समुद्रतळाकडून येणारे संकेत ऐकू आले आणि एका खासगी कंपनीच्या जहाजाने सुमारे ३३ दिवसांनी अवशेष वर काढले. तिघांपैकी कोणी वाचले नाही. पण त्या तेहतीस दिवसांत ती माणसे कोणाची, असा प्रश्न एकदाही कोणाला पडला नाही. राज्य आपल्या माणसाशी असे वागते, कारण तो माणूस त्याच्या नोंदवहीत असतो.

मग भारतीय कंत्राटी टेहळणी वैमानिक कोणत्या वहीत आहे?

तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या चौथ्या कलमाने, सैन्यासोबत असणाऱ्या पण सैन्यात नसणाऱ्यांची यादी करताना, लष्करी विमानांच्या चमूतील नागरी सदस्यांचा नामोल्लेख केला आहे. ते पकडले गेले तर युद्धकैदी मानावेत. अट अशी, की सैन्याने त्यांना परवानगी आणि ओळखपत्र दिलेले असावे. १९४९ साली हा विचार झाला होता, ही मोठीच गोष्ट. पण ज्या विमानाची नोंदणीच नागरी आहे ते लष्करी विमान नव्हे, आणि समोर राज्य नसून बंडखोर टोळी असेल तर युद्धकैदी हा दर्जाच लागू होत नाही. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर कंपनीचे बोधचिन्ह होते आणि ‘तांत्रिक सेवा’ हे दोन शब्द. चुकीच्या माणसाच्या हाती पडलो असतो तर ते कार्ड मला हेर ठरवायला पुरेसे होते.

देशी कायद्यांकडे वळले तर आणखी निराशा होते. खासगी सुरक्षा संस्थांबाबतचा २००५चा कायदा परदेशात सेवा देणाऱ्या संस्थेला परवानगीची अट घालतो, पण त्यातली ‘सुरक्षा’ म्हणजे व्यक्तीचे वा मालमत्तेचे रक्षण. पहारेकरी त्यात बसतो, टेहळणी विमान बसत नाही. १९८३च्या स्थलांतर कायद्याखालची तपासणी मुख्यतः दहावी न झालेल्या आणि ठरावीक देशांत जाणाऱ्या कामगारांसाठी आहे. गवंडी रियाधला निघाला तर त्याचा करार सरकार पाहते. वैमानिक युद्धक्षेत्राच्या काठावर निघाला तर तो सुशिक्षित म्हणून त्याला कोणी विचारत नाही. सुशिक्षितांना फसवणे अवघड असते, ही सरकारची श्रद्धा दिसते. मी स्वतः सही करताना विम्याचे परिशिष्ट वाचले नव्हते.

आणि विमा! विमान व्यवसायातील सर्वसाधारण विमापत्रांतून युद्ध, बंड, अपहरण या जोखमी प्रारंभीच वगळलेल्या असतात; त्या हव्या असतील तर वेगळा हप्ता भरून परत विकत घ्याव्या लागतात. विमानाच्या सांगाड्यासाठी कंपन्या तो भरतात, कारण सांगाडा बँकेकडे तारण असतो. चमूसाठी भरतीलच असे नाही. अमेरिकेने निदान १९४१ मध्ये परदेशी तळांवरील कंत्राटी कामगारांसाठी सक्तीच्या विम्याचा कायदा केला. आपल्याकडे आहे तो १९२३चा कर्मचारी भरपाई कायदा, अलीकडे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेला. परदेशात काम करणारा विमानाचा चमू त्यात येतो, पण विमान किंवा कंपनी भारतात नोंदलेली असेल तरच. परदेशी कंपनीच्या परदेशी विमानातला भारतीय वैमानिक बाहेरच राहतो. जो आत येतो त्याचाही हिशेब २०२०च्या अधिसूचनेनुसार महिना १५,००० रुपये वेतन धरून होतो, मग प्रत्यक्ष पगार काही का असेना. पन्नाशीच्या माणसाच्या मृत्यूची रक्कम त्या सूत्राने जेमतेम साडेअकरा लाख भरते.

हे अपरिहार्य आहे असे म्हणावे, तर उत्तर आमच्या विमानाखालूनच जात असते. त्या मालवाहू जहाजावरचा भारतीय खलाशी घ्या. त्याच्या हाती सीडीसी आहे. रत्नागिरीपासून कन्याकुमारीपर्यंत कित्येक घरांच्या कपाटांत ते पुस्तक जपून ठेवलेले सापडेल. त्याला भरती करणाऱ्या संस्थेला मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि बँक हमी द्यावी लागते. २००६चा सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मान्य केल्यामुळे, मालकाने त्याला परदेशी बंदरात वाऱ्यावर सोडलेच तर घरी आणण्याच्या खर्चाची आर्थिक हमी आधीच घेतलेली असते. ही व्यवस्था निर्दोष नाही. सोडून दिलेल्या भारतीय खलाशांच्या बातम्या आजही येतात. पण त्या बातम्या येतात, याचाच अर्थ कुठेतरी त्यांची नोंद आहे. त्यांच्यावरून उडणाऱ्या माणसाची नाही.

हे सारे मी आज लिहितो, कारण टेहळणीच्या सेवेचा ग्राहक आता भारत स्वतः होत आहे. २०२०च्या संरक्षण खरेदी प्रक्रियेने भाडेपट्टी हा खरेदीचा अधिकृत मार्ग केला. त्याच वर्षी नौदलाने दोन सी-गार्डियन ड्रोन भाड्याने घेऊन अरक्कोणमच्या तळावर ठेवले. त्यांतले एक सप्टेंबर २०२४ मध्ये बंगालच्या उपसागरात उतरवावे लागले. सुदैवाने त्यात माणूस नसतो. मालदीवमध्ये माणसे आहेत. ती सार्वजनिक उपक्रमाची आहेत, त्यांना सेवानियम आहेत, हे माझ्यासारख्यांपेक्षा पुष्कळ बरे. परंतु मॉरिशस, सेशेल्स, श्रीलंका येथे भारताने दिलेली डॉर्नियर विमाने आहेत. उद्या त्यांपैकी एखाद्या देशात सरकार बदलले आणि तिथेही गणवेशाला हरकत निघाली, तर मालदीवचा नमुना हाताशी आहेच. तेव्हा उपक्रमाच्या जागी खासगी कंपनी येणे हे एका निविदेचे काम. लक्झेंबर्गकडे हवाई दल नव्हते, तरी सोमाली चाच्यांविरुद्धच्या युरोपीय मोहिमेत त्याने २००९ पासून खासगी कंपनीची गस्ती विमाने सेशेल्सला ठेवली. स्वस्त, चटकन आणि गाजावाजा न करता होणारे काम कोणत्या अर्थमंत्र्याला नको असेल?

माझा कंत्राटाला सरसकट विरोध नाही. मालदीवसाठी विचारणा झाली असती तर मी स्वतः गेलो असतो, आणि आजही जाईन. नौदलाकडे माणसे कमी, समुद्र मोठा. निवृत्त वैमानिकांचे कौशल्य घरी बसवून ठेवण्यात शहाणपण नाही. माझे म्हणणे इतकेच, की पाठवण्याआधी ही माणसे आपली आहेत असे लिहून द्यावे. सुरक्षाविषयक उड्डाणासाठी परदेशी जाणाऱ्या प्रत्येक भारतीय वैमानिकाची आणि चालकाची नोंद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ठेवावी आणि त्याला भरती करणाऱ्या संस्थेला परवाना असावा. युद्धजोखमीचा विमा कंपनीच्या मर्जीवर न सोडता सक्तीचा करावा, आणि त्याची रक्कम प्रत्यक्ष वेतनावर ठरवावी. जिथे सरकार स्वतः ग्राहक आहे, तिथे यजमान देशाशी होणाऱ्या करारात चमूचा दर्जा, ओळखपत्र आणि अपघात चौकशीचा अधिकार या तीन गोष्टी शब्दांत आल्या पाहिजेत. शिवाय बाराव्या परिशिष्टातील कर्तव्य कोणत्याही गोपनीयतेच्या कलमापेक्षा वरचढ राहील, हे एक वाक्य प्रत्येक करारात असावे. यासाठी नवे मंत्रालय लागत नाही. खलाशांसाठीचे नियम समोर ठेवून आकाशापुरते बदलून घेतले तरी बहुतेक काम होते. गोपनीयतेची सबब पुढे येईल. नावे गुप्त ठेवता येतात, वहीच न ठेवणे वेगळे.

रशियाच्या सैन्यात मदतनीस म्हणून गेलेल्या भारतीयांचे काय झाले ते आपण पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशी १२६ प्रकरणे आणि बारा मृत्यू सांगितले. तिथेही शोध सुरू झाला तो मृतदेह परत आणण्याची वेळ आल्यावर.

कंपनीत रुजू होताना मला वारसाचा एक अर्ज भरायला दिला होता. मृत्यूच्या कारणासमोर तीन रकाने होते : आजार, अपघात, इतर. पत्नी शेजारी बसून तिच्या सहीच्या जागा शोधत होती. मी कार्यालयातील बाईंना विचारले, की खालून कोणी गोळी झाडली, किंवा उतरल्यावर कोणी धरून नेले, तर ते यांपैकी कशात? त्यांनी अर्ज उलटून पाहिला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘ते कंपनीला विचारून सांगते.’ तो रकाना रिकामा ठेवूनच आम्ही सह्या केल्या.